स्पोर्ट्स कारचं वजन उतरवायचंय? मग कुठला किलो आधी काढायचा ते बघा

३०० हॉर्सपॉवरची गाडी १५०० किलोची असेल तर टनामागे २०० हॉर्सपॉवर पडतात. त्यातले १०० किलो उतरवले की हाच आकडा २१४ वर जातो आणि इंजिनला तुम्ही हात पण लावलेला नसतो. तेवढाच फायदा इंजिनमधून काढायचा म्हटलं तर साधारण २१ हॉर्सपॉवर जास्त लागतील, मग इनटेक आला, ट्यूनिंग आलं, कूलिंग आलं, आणि एवढं सगळं करून गाडी फक्त सरळ रस्त्यावर पळणार. वजन उतरवलं तर ब्रेक कमी तापतात, कॉर्नरला टायरवर ताण कमी येतो, डिस्क-पॅड-टायर जास्त टिकतात, म्हणजे पूर्ण लॅपभर फायदा.

फक्त गडबड अशी होते की लोक बॉनेटपासून सुरू करतात, कारण कार्बनचं बॉनेट फोटोत भारी दिसतं. सगळे किलो सारखे नसतात हो. चाकातला किलो, छतावरचा किलो आणि सीटखालचा किलो या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कुठला आधी काढायचा हे ठरवता आलं की अर्धं काम झालं.

आधी काट्यावर चढवा

ब्रोशरमधल्या वजनावर अजिबात जाऊ नका. कंपन्या कधी ड्राय वेट देतात, म्हणजे पेट्रोल, ऑइल, कूलंट काहीच न धरता, आणि कधी कर्ब वेट देतात, म्हणजे हे सगळं धरून, त्यात एवढा फरक पडतो की दोन गाड्यांची तुलनाच होत नाही. फेरारी एफ ४० साठी सगळे जो ११०० किलोचा आकडा सांगतात तो ड्रायच आहे.

चार चाकांखाली चार वेगळे पॅड येतात तो कॉर्नर वेट काटा मिळाला तर सोनं. गॅरेजमध्ये किंवा ट्रॅकवर कोणाकडे तरी असतोच. जमीन एकदम लेव्हल पाहिजे, टायर प्रेशर तुम्ही चालवता तेवढंच, टाकीत पेट्रोल किती ते लिहून ठेवा (पेट्रोल लिटरमागे पाऊण किलोच्या आसपास धरा), आणि ड्रायव्हर सीटवर तुमच्या वजनाएवढ्या वाळूच्या पिशव्या ठेवा किंवा स्वतःच बसा आणि आकडे दुसऱ्याला वाचायला सांगा. चार आकडे, त्यांची बेरीज, पुढचं-मागचं टक्क्यात, एवढं शीटमध्ये टाका. यापुढे जे काही काढाल ते साध्या वजनकाट्यावर ठेवायचं, ग्रॅममध्ये लिहायचं, आणि त्याच्या जागी जे बसवाल ते पण ब्रॅकेट आणि बोल्टसकट मोजायचं. हे न करणारे लोक मग "मी शंभर किलो काढले" म्हणून सांगत फिरतात आणि काट्यावर निघतात चाळीस.

त्याच शीटमध्ये वर एक ओळ लिहा: गाडी रस्त्यावरची, ट्रॅकची, की दोन्ही? खाली जे काही सांगतोय त्यातलं निम्मं या एका ओळीवर ठरतं. गाडी रस्त्यावर चालवणार असाल तर तुमच्याकडच्या नियमांत काय बदलता येतं ते आधी बघा आणि इन्शुरन्सवाल्याला पण विचारून घ्या, नंतर नको.

फुकटातले किलो

डिकी रिकामी करा. स्टेपनी, जॅक, पाना, त्या खालचा फोम, मागे पडलेल्या पाण्याच्या बाटल्या, जाड मॅट, मागचा पार्सल शेल्फ. ट्रॅकच्या दिवशी एवढ्यातच २० ते ३० किलो आरामात निघतात आणि संध्याकाळी परत टाकता येतात. रस्त्यावर स्टेपनी काढणार असाल तर पंक्चर किट आणि छोटा कॉम्प्रेसर ठेवाच.

पेट्रोल पण यातच येतं. ६० लिटरची टाकी फुल असली की ४५ किलो होतात, आणि सेशन असतं १५-२० मिनिटांचं. पण टाकी एकदम तळाला नेऊ नका, लांब कॉर्नरमध्ये पेट्रोल एका बाजूला सरकतं, पंप हवा ओढतो आणि इंजिन अडखळतं. तुमची गाडी किती लिटरवर असं करायला लागते ते एकदा नीट बघून घ्या आणि त्याच्या थोडं वर राहा.

आणि हो, ड्रायव्हर. चार किलो पोट कमी केलं तर ते चार किलो गाडीतून पण गेले, यावर कोणी बोलत नाही कारण त्याचा फोटो टाकता येत नाही.

चाकं, टायर, ब्रेक: खरा माल इथे आहे

पैसे घालायचेच असतील तर पहिला खर्च इथे करा. दोन कारणं आहेत. एक म्हणजे चाक, टायर, डिस्क, कॅलिपर हे सगळं स्प्रिंगच्या खाली असतं. रस्त्यावर उंचवटा आला की हे वजन वर उडतं आणि शॉकअब्सॉर्बरला ते परत खाली दाबायला लागतं, ते जेवढं हलकं तेवढा टायर रस्त्याला जास्त वेळ चिकटून राहतो. दुसरं म्हणजे चाक पुढे जातं आणि त्याच वेळी फिरतं पण, त्यामुळे इंजिनला तेच वजन दोनदा ढकलावं लागतं. हिशोब केला तर टायरच्या बाहेरच्या भागातला एक किलो ॲक्सिलरेशनला जवळपास दोन किलोसारखा लागतो, रिमच्या कडेचा साधारण दीड किलोसारखा, आणि हबजवळचा एकाच्या थोडा वर. म्हणजे वजन चाकाच्या मधोमध आहे की कडेला, हे बघायचं.

म्हणून नुसतं "हलकी अलॉय" म्हणून घेऊ नका. कास्ट (साच्यात ओतलेली) आणि फोर्ज्ड (दाबून घडवलेली) यात फरक असतो, फोर्ज्डमध्ये तीच ताकद कमी धातूत मिळते. एक इंच लहान रिम बसत असेल (आत ब्रेक कॅलिपरला जागा आहे का ते मोजून) तर त्यात दुहेरी फायदा, कारण रिम पण हलका होतो आणि त्या मापाचे टायर पण बहुतेक वेळा हलके असतात. टायरचं वजन कोणी विचारत नाही, पण एकाच मापात दोन कंपन्यांच्या टायरमध्ये किलो-दीड किलोचा फरक सहज असतो, तोही एकदम कडेला, जिथे सगळ्यात महाग पडतो. रिमवरचं लोड रेटिंग मात्र बघायचं म्हणजे बघायचं. नाव नसलेली स्वस्त हलकी रिम ट्रॅकच्या कर्बवर फुटली तर सगळा हिशोब तिथेच संपला.

ब्रेकमध्ये टू-पीस डिस्क बघा, बाहेरची रिंग लोखंडी आणि मधलं बेल ॲल्युमिनियमचं. एका चाकामागे एक-दोन किलो जातात आणि रिंग तापून फुगली तरी वाकडी होत नाही. कार्बन सिरॅमिक तर लोखंडाच्या निम्म्या वजनात येतात, पण ट्रॅकवर सतत घासणार असाल तर बदलायच्या खर्चाचा विचार करा, बरेच लोक सिरॅमिकच्या डिस्क काढून घरी ठेवतात आणि ट्रॅकला लोखंडी लावतात, आणि मला तरी ते बरोबर वाटतं. डिस्क लहान करून वजन वाचवायच्या फंदात पडू नका, उष्णता साठवायला धातू लागतोच.

फ्लायव्हील

फ्लायव्हील म्हणजे इंजिन आणि क्लचच्या मधली जड फिरती चकती. मॅन्युअल गाडी असेल आणि क्लच बदलायला गिअरबॉक्स खाली उतरणारच असेल तर हे त्याच वेळी करा, वेगळी मजुरी नाही. समजा फ्लायव्हीलमधून ३ किलो कमी केले, मधापासून १० सेंटिमीटरवरचे. पहिल्या गिअरला एकूण रेशो १३ च्या आसपास आणि टायरची त्रिज्या ३१ सेंटिमीटर धरली तर ॲक्सिलरेशनला ते गाडीतून जवळपास ५० किलो काढल्यासारखं लागतं. पाचव्या गिअरला रेशो साडेतीन झाला की तोच फायदा चार किलोवर येतो, कारण रेशोचा वर्ग होतो. म्हणून हलकं फ्लायव्हील खालच्या गिअरमध्ये जाणवतं, इंजिन पटकन चढतं, गिअर खाली टाकताना ॲक्सिलरेटरचा झटका (ब्लिप) छान बसतो, पण लांब सरळ रस्त्यावर टॉप गिअरला काही चमत्कार होत नाही. बदल्यात आयडल थोडं थरथरतं, ट्रॅफिकमध्ये गाडी बंद पडायला लागते, आणि ड्युअल मास (आत स्प्रिंग असलेलं दोन भागांचं) काढून सिंगल मास (एकसंध) लावलं तर गिअरबॉक्समधून खडखड ऐकू येते. रोजच्या गाडीला अगदी हलकं घेऊ नका, मधलं घ्या.

बॅटरी आणि सायलेन्सर

लेड ॲसिड बॅटरी १५ ते २० किलोची असते, लिथियमची ५-६ किलोत येते. पोर्शने २००९ च्या शेवटी ९११ जीटी ३ वगैरेसाठी अशी बॅटरी ऑप्शनमध्ये जाहीर केली, १० किलोपेक्षा जास्त वाचत होते, पण शून्याच्या खाली ती नीट स्टार्ट देत नाही म्हणून सोबत साधी बॅटरी पण द्यायचे. हीच अडचण आजही लक्षात ठेवा. अल्टरनेटरचं चार्जिंग व्होल्टेज बॅटरीवाल्याने दिलेल्या रेंजमध्ये आहे का ते मल्टिमीटर लावून बघा, आणि एक्झॉस्टच्या शेजारी गरम जागी ती ठेवू नका. लिथियममध्ये आयर्न फॉस्फेटवाली घ्या, ती तापून पेटायचा धोका कमी असतो.

बॅटरी हलवताच येत असेल तर कुठे हलवायची ते पण बघा. वजन गाडीच्या दोन टोकांना असलं की गाडी वळायला आळस करते आणि एकदा वळली की थांबायला पण. त्यामुळे पुढच्या बंपरमागची बॅटरी डिकीच्या शेवटच्या कोपऱ्यात नेण्यापेक्षा पॅसेंजर सीटच्या मागे नेणं चांगलं, पण केबल जाड लागते आणि तिचं तांबं परत एक-दीड किलो घालतं, ते शीटमध्ये धरा.

सायलेन्सर हा मागच्या टोकाला लटकलेला मोठा गोळा असतो, तो बदलला तर वजन पण जातं आणि टोकाचं जातं. टायटॅनियमची घनता ४.५, स्टीलची ७.८५, म्हणून तेवढ्याच जाडीत निम्म्याच्या थोडं वर वजन होतं. पण कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा भाग) काढून किलो वाचवणं मला पटत नाही, रस्त्यावर तर नाहीच, आणि ट्रॅकवर पण आवाजाची मर्यादा असते, तिथून परत पाठवतात.

सीट आणि आतलं सामान

पॉवर सीट, मोटर, हीटर, फ्रेम धरून २५ किलोच्या पुढे सहज जाते, आणि फिक्स्ड बकेट ब्रॅकेटसकट १० ते १२ मध्ये बसते. दोन सीटचे मिळून ३० किलो, वर तुम्ही खाली बसता म्हणून तुमचं वजन पण खाली येतं. इथे घाई करू नका पण. मूळ सीटमध्ये साइड एअरबॅग असू शकते, माणूस बसलाय का ते सांगणारा सेन्सर असतो, धडकेत बेल्ट आवळणारा प्रीटेन्शनर असतो. काम करण्याआधी बॅटरीची वायर काढून मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबायचं आणि पिवळ्या कनेक्टरला मल्टिमीटर लावून बघायचा मोह टाळायचा, एअरबॅगमध्ये स्फोटक असतं. बकेट घेताना एफआयएचं (मोटरस्पोर्टची जागतिक संस्था) लेबल बघा, ८८५५-१९९९ वाल्या सीटची मुदत उत्पादनापासून ५ वर्षं असते, ८८६२-२००९ वाल्यांची १०. सेकंडहँड स्वस्तात मिळते ती बहुतेक याच कारणाने.

आराम किती जड असतो ते बघायचं तर १९७३ ची पोर्शे ९११ कॅरेरा आरएस २.७ बघा. लाइटवेट व्हर्जन ९६० किलो, टूरिंग १०७५ किलो, इंजिन तेच. मागची सीट नाही, काच पातळ, दरवाजा उघडायला हँडलऐवजी पट्टी, असं करत करत ११५ किलो गेले. एफ ४० मध्ये पण दरवाजाच्या आत केबल ओढायची, कार्पेट नाहीच.

तुम्ही मागची सीट, कार्पेट आणि स्पीकर काढले की खाली डांबरासारखी आवाज दाबणारी शीट दिसते, फ्लोअर आणि फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधली भिंत) चिकटवलेली. ती काढायला ड्राय आइस वापरतात: बारीक तुकडे पसरायचे, वर कापड, दहा-एक मिनिटं थांबायचं, शीट कडक झाली की रबरी हातोडीने ठोकली की बिस्किटासारखी तुटते, आणि उरलेलं प्लॅस्टिकच्या स्क्रॅपरने. ड्राय आइस उणे ७८ डिग्रीचा असतो आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणून जाड हातमोजे, सगळे दरवाजे उघडे, आणि काम बाहेर मोकळ्यावर, बंद गॅरेजमध्ये नको. खाली उघडा पडलेला पत्रा रंगवा, नाहीतर पुढे गंज. एवढ्या मेहनतीत ८-१० किलो मिळतात आणि गाडी आतून डब्यासारखी वाजायला लागते. रस्त्यावरच्या गाडीला हे करू नका असं माझं स्पष्ट मत आहे, लांबच्या प्रवासात डोकं उठतं.

एसीचं पण तसंच, कॉम्प्रेसर, कंडेन्सर, पाइप मिळून २० किलोच्या आसपास, आणि पुढच्या टोकाचे. पण गॅस मोकळा हवेत सोडायचा नाही, मशिन लावून काढून घ्यायचा. आणि पावसात काचेवर धुकं धरलं की एसी का असतो ते कळतं, तेव्हा ट्रॅकच्या गाडीत पण काचेसाठी छोटा ब्लोअर राहू द्या.

काच, छत, बॉनेट

काचेची घनता २.५, पॉलिकार्बोनेटची १.२. मागची आणि बाजूच्या मागच्या काचा बदलल्या तर वरचं वजन जातं, जे छान आहे, पण हार्ड कोटिंग असलेलंच घ्या, नाहीतर दोन-चार वेळा पुसलं की ओरखडे येऊन धूसर होतं. समोरची लॅमिनेटेड काच रस्त्यावरच्या गाडीत तशीच राहणार.

छत हा सगळ्यात वरचा भाग, म्हणून तिथला किलो गाडीचा सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी खाली आणतो. बीएमडब्ल्यूने २००३ च्या एम ३ सीएसएलला कार्बनचं छत दिलं, त्यातून फक्त ६ किलोच्या आसपास वाचले, पण ते सगळ्यात वरचे होते म्हणून केलं. तुमच्या गाडीला सनरूफ असेल तर काच, मोटर, रेल असं १५-२० किलो तिथे बसलंय, पुढची गाडी घ्यायची असेल तेव्हा बिनसनरूफची शोधणं हे नंतर छत कापण्यापेक्षा कितीतरी सोपं. कार्बन बॉनेट आणि डिकीचं झाकण शेवटी घ्या, किलोमागे खर्च इथे सगळ्यात जास्त, आणि मूळ बॉनेट ॲल्युमिनियमचं असेल तर फरक अगदीच किरकोळ. घेतलंत तर बॉनेट पिन लावा, हलकं बॉनेट जुन्या कुलपावर जोरात जाताना उडतं, उडालेलं पाहिलंय.

इथे हात लावायचा नाही

बंपरच्या आतला क्रॅश बीम, दरवाजातले साइड बीम, रस्त्यावरच्या गाडीतल्या एअरबॅग, एबीएस. सस्पेन्शनचे बोल्ट ॲल्युमिनियमचे करायचे नाहीत, आणि ब्रॅकेटला अंदाजाने भोकं पाडायची नाहीत. ॲल्युमिनियम स्टीलच्या तिप्पट हलकं असतं पण तेवढंच कमी ताठ पण असतं, म्हणजे त्याच जाडीचा तुकडा कापून लावला तर तो तिप्पट वाकणार, डिझाइन बदलावं लागतं. रोल केजने (केबिनमधला स्टीलच्या पाइपांचा सांगाडा) ३०-४० किलो वाढतात, ते ट्रॅक कारमध्ये आनंदाने घ्या. पण रस्त्यावर हेल्मेट नसताना डोक्याजवळ स्टीलचा पाइप म्हणजे धोका वाढवणं आहे.

मॅकलरेन एफ १ चं उदाहरण सगळे देतात, ११३८ किलो, टूलकिटसुद्धा टायटॅनियमचं. पण तिचा डिझायनर गॉर्डन मरेने ड्रायव्हर ज्यात बसतो तो टबच कार्बनचा केला होता, म्हणजे सगळ्यात मजबूत भागच हलका केला. आपण घरी जे करतो ते काढून टाकणं आहे, त्यामुळे आपली मर्यादा लवकर येते.

वजन गेलं, आता सेटिंग

हे काम निम्मे लोक करतच नाहीत आणि मग म्हणतात गाडी हलकी केली पण मजा नाही आली. एका ॲक्सलवरून १०० किलो गेले आणि दोन्ही चाकांचा मिळून स्प्रिंग रेट मिलिमीटरला ६० न्यूटन असेल तर गाडी तिथे १६ मिलिमीटर वर उचलली जाते. म्हणजे जे वजन खाली आणलंत ते परत वर गेलं, कँबर आणि टो (चाकांचे उभे-आडवे कोन) पण हलले. १४०० वरून १२०० वर आलात तर त्याच स्प्रिंगवर गाडी साधारण ८ टक्के जास्त ताठ वागते आणि डँपिंग (शॉकअब्सॉर्बरचा दाब) पण जास्त वाटायला लागतं. तेव्हा आधी राइड हाइट परत बसवा, डँपर ॲडजस्टेबल असेल तर एक-दोन क्लिक सैल करून बघा, स्प्रिंग त्यानंतर.

मग परत काट्यावर. अँटीरोल बारची (डावं-उजवं सस्पेन्शन जोडणारा दांडा) एका बाजूची लिंक सोडून द्या, ड्रायव्हरचं वजन आत ठेवा, आणि समोरासमोरचे कोपरे जोडा: पुढचं उजवं अधिक मागचं डावं, भागिले एकूण. ५० टक्क्यांच्या जवळ पाहिजे. समजा पुढे डावीकडे ३६०, उजवीकडे ३४०, मागे डावीकडे ३३०, उजवीकडे ३२० आले, तर ३४० अधिक ३३० म्हणजे ६७०, एकूण १३५०, म्हणजे ४९.६ टक्के, सोडून द्या, चांगलं आहे. ४८ वगैरे आलं तर गाडी एका बाजूला वळताना वेगळी आणि दुसऱ्या बाजूला वेगळी वागणार. कॉइलओव्हरचा (उंची बदलता येणारं स्प्रिंग-डँपर) एक कोपरा वर केला की तो आणि त्याच्या तिरक्या समोरचा, दोन्हींवर वजन वाढतं, म्हणून एकाच कोपऱ्यावर पाच फेरे मारण्यापेक्षा चारही कोपरे थोडे थोडे फिरवा. झालं की लिंक परत लावा, ताण न देता, आणि शेवटी अलाइनमेंट.

सगळ्यात शेवटी ब्रेक, आणि याकडे दुर्लक्ष करू नका. सीट, स्टेपनी, काच, सायलेन्सर, जवळपास सगळं मागून गेलंय, पण मागच्या ब्रेकचा जोर तेवढाच आहे, म्हणजे मागची चाकं आधी लॉक होणार आणि गाडी फिरणार. एबीएस बरंच सांभाळून घेतं, पण ट्रॅक कारमध्ये एबीएस नसेल तर बायस व्हॉल्व्ह (पुढच्या-मागच्या ब्रेकमध्ये जोर वाटणारा) लागतोच. मोकळ्या बंद जागेत ५० च्या स्पीडने सुरू करून जोरात ब्रेक मारा, बाहेर उभ्या माणसाला कुठलं चाक आधी थांबतं ते बघायला सांगा, पुढचं आधी थांबलं पाहिजे. मग ८० ने, मग ओल्या जमिनीवर. मागचं आधी थांबलं तर बायस पुढे सरकवा, परत बघा, आणि जो आकडा जमला तो त्याच शीटमध्ये, त्या दिवशीच्या पेट्रोल आणि टायर प्रेशरसकट लिहून ठेवा.